लॅमिनेट होणाऱ्या प्रिंटचे कलर प्रोफाइल: चार्ट फिल्म चढवण्याआधी मोजावा की नंतर?

छपाई यंत्रातून बाहेर आलेला प्रिंट आणि त्यावर फिल्म चढल्यानंतरचा प्रिंट हे रंगाच्या हिशेबात दोन वेगळे पृष्ठभाग असतात. कोणत्या शाईतून कोणता रंग मिळतो हे सांगणारे कलर प्रोफाइल मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या पृष्ठभागावरून बनवलेले असते आणि काम ज्याच्या हाती जायचे तो माणूस दुसरा पृष्ठभाग पाहतो. या दोहोंतला फरक कागद आणि फिल्म यांच्या काही जोड्यांमध्ये इतका थोडा असतो की त्यासाठी वेगळे कष्ट घेण्याचे कारण उरत नाही. काही जोड्यांमध्ये तो इतका मोठा असतो की उत्तम उपकरणाने, हजाराहून अधिक पॅच, म्हणजे रंगाचे चौकोन, मोजून बनवलेले प्रोफाइलही ग्राहकाने कधीच न पाहिलेल्या पृष्ठभागाचे वर्णन करत राहते. त्यामुळे लॅमिनेशनसाठी वेगळे प्रोफाइल करावे का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. जोडी कोणती आहे हे कळले, की निवड बरीच सोपी होते.

निवड करायची ती चार मार्गांतून. पहिला मार्ग म्हणजे फिल्म नसलेल्या प्रिंटवरून बनवलेले नेहमीचे प्रोफाइल वापरायचे आणि लॅमिनेशनमुळे होणारा बदल स्वीकारायचा. दुसऱ्या मार्गात चार्ट, म्हणजे अशा पॅचचा तक्ता, छापून, त्यावर प्रत्यक्ष कामात वापरायची तीच फिल्म चढवून, फिल्मवरूनच मोजमाप घेऊन प्रोफाइल बनवायचे. तिसऱ्यात मूळ मोजमाप फिल्मविना घ्यायचे, पण थोडे पॅच फिल्म चढवण्याआधी आणि नंतर मोजून मिळालेल्या फरकाची दुरुस्ती त्यावर बसवायची. चौथा मार्ग फक्त प्रमाणित ऑफसेट छपाईसाठी खुला आहे: लॅमिनेट केलेल्या कागदासाठी आधीच तयार असलेली प्रोफाइले वापरायची. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, पण तो सगळीकडे योग्य आहे असे मी म्हणणार नाही, आणि त्याची कारणे समजण्यासाठी आधी फिल्मखाली रंगाचे काय होते ते पाहायला हवे.

फिल्म चढल्यावर रंग का बदलतो

प्रकाश हवेतून १.५ अपवर्तनांकाच्या पारदर्शक थरावर सरळ पडला, की त्याचा सुमारे ४ टक्के भाग आत न शिरता पृष्ठभागावरूनच परत फिरतो. हा प्रकाश शाईपर्यंत पोचलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्यावर शाईचा रंग चढत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो आरशावरून परतावा तसा एकाच दिशेने निघून जातो, आणि ४५ अंशांतून प्रकाश टाकून समोरून मोजणारे उपकरण त्याला मोजमापाबाहेर ठेवते. पाहणारा माणूसही प्रिंट थोडा कलता धरून तेच करतो. पृष्ठभाग खरखरीत असेल तर तोच प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यातला काही भाग डोळ्यांपर्यंत पोचतोच, आणि रंगावर पातळ पांढरे धुके पसरल्यासारखे दिसते.

या धुक्याचा फटका गडद रंगांना किती बसतो आणि फिकट रंगांना किती कमी, हे आकड्यांत पाहिले की सगळा विषय उलगडतो. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाच्या लॅब मोजणीत, जिथे उजळता ० (काळा) ते १०० (पांढरा) अशी मोजतात, १ टक्का परावर्तन असलेल्या काळ्याची उजळता सुमारे ९ येते. त्यात पृष्ठभागावरून विखुरलेल्या प्रकाशाचा आणखी १ टक्का मिसळला, की परावर्तन २ टक्के होते आणि उजळता १५.५ वर जाते. म्हणजे काळा आता गडद राखाडीकडे झुकतो. आणखी २ टक्के मिसळले तर उजळता २४ च्या जवळ पोचते. याउलट ८० टक्के परावर्तन असलेल्या फिकट भागात पूर्ण २ टक्के मिसळले तरी उजळता एका एककानेही वाढत नाही. लॅमिनेशनने होणारा मोठा बदल सावल्यांत आणि गडद, संपृक्त रंगांत का दिसतो आणि कोरा कागद जवळजवळ तसाच का राहतो, याचे मुख्य कारण हे आहे.

आता कागद आणि फिल्म यांच्या जोड्या लावून पाहाव्यात. चकचकीत कागदावर चकचकीत फिल्म चढवली तर बाहेरचा पृष्ठभाग आधीही गुळगुळीत होता आणि नंतरही गुळगुळीतच राहतो. ठसठशीत रंगांत फारसा बदल होत नाही. मॅट कागदावर चकचकीत फिल्म चढवली तर चिकट थर कागदाच्या खाचाखोचा भरून काढतो, बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, धुके नाहीसे होते. काळा खोल होतो आणि रंगव्याप्ती, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांचा आवाका, लक्षणीयरीत्या वाढते. चकचकीत कागदावर मॅट फिल्म चढवली तर याच्या नेमके उलट घडते. मॅट कागदावर मॅट फिल्म ही जोडी त्या मानाने शांत असते, मात्र तिथे दोन खरखरीत पृष्ठभागांचे पोत सारखे नसतात, त्यामुळे बदल शून्य आहे असे मोजल्याशिवाय धरून चालू नये.

दुसरे कारण जरा सूक्ष्म आहे आणि ते हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी केलेल्या, छपाईत जाणवते. कागदावरून परतणारा प्रकाश फिल्मच्या वरच्या पृष्ठभागापाशी सुमारे ४२ अंशांहून अधिक तिरका पोचला, तर तो हवेत बाहेर पडूच शकत नाही. तो पूर्णपणे आत परावर्तित होऊन पुन्हा कागदावर येतो, पण निघाला त्या जागी नव्हे. किती दूर, हे फिल्मच्या जाडीवर ठरते: किमान अंतर जाडीच्या सुमारे १.८ पट असते. फिल्म आणि चिकट थर मिळून ७५ मायक्रॉन जाडी असेल तर हा प्रकाश १३४ मायक्रॉन किंवा त्याहून लांब उतरतो, आणि इंचाला १५० रेषांच्या स्क्रीनमध्ये दोन ठिपक्यांमधले अंतर १६९ मायक्रॉन असते. कोऱ्या कागदातून निघालेला प्रकाश असा शेजारच्या ठिपक्यावर जाऊन तिथे शोषला जातो. परिणाम डॉट गेन (छापताना ठिपका फुगणे) वाढल्यासारखा होतो: मधले टोन दाट होतात, तर शंभर टक्के शाईचा पॅच जवळजवळ जसाच्या तसा राहतो. इंकजेटमध्ये ठिपके लहान आणि विखुरलेले असतात, प्रकाश कागदातच बराच मिसळून गेलेला असतो, त्यामुळे तिथे ही वाढ कमी दिसते. ऑफसेटचे आणि टोनरचे काम करणाऱ्यांनी मात्र हे कारण विसरू नये, कारण चकचकीत कागदावर चकचकीत फिल्म या ‘निरुपद्रवी’ समजल्या जाणाऱ्या जोडीतही त्वचेचे रंग आणि करडे टोन याच कारणाने जड होतात.

तिसरे कारण कागदाच्या शुभ्रतेत आहे. पुष्कळ कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. ते अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि कागद अधिक पांढरा भासतो. बाहेर लावायच्या कामांसाठी बनवलेल्या अनेक फिल्ममध्ये अतिनील किरण अडवणारी द्रव्ये असतात. अशी फिल्म चढली की ब्राइटनरला मिळणारे इंधनच तुटते, कागद किंचित पिवळसर दिसू लागतो आणि त्याबरोबर सगळे फिकट टोन उबदार होतात. जिथे शाई कमी तिथे कागद जास्त उघडा, म्हणून हा बदल सावल्यांत नसून फिकट भागांत दिसतो. पृष्ठभागाचे धुके गडद बाजूला आणि ब्राइटनरचा परिणाम उजळ बाजूला, अशी ही दोन कारणे टोनपट्टीच्या दोन विरुद्ध टोकांना काम करतात, हे ओळखले की एका साध्या वक्राने सगळे दुरुस्त करण्याचा प्रयत्न अर्धवट का राहतो तेही कळते.

पहिला मार्ग: नेहमीचे प्रोफाइल, बदलाचा स्वीकार

आयसीसी प्रोफाइल म्हणजे यंत्राला दिलेले शाईचे आकडे आणि त्यातून मोजला गेलेला रंग यांचे कोष्टक. मोजताना कागदावर फिल्म नव्हती, म्हणून त्या कोष्टकाला फिल्म ठाऊक नसते. तरीही चकचकीत कागद, पातळ चकचकीत फिल्म आणि इंकजेट छपाई असा योग असेल तर हा मार्ग पुरेसा ठरू शकतो. त्याचे मोठे बळ असे की एकच प्रोफाइल लॅमिनेट होणाऱ्या आणि न होणाऱ्या दोन्ही कामांना चालते, यंत्रचालकाने काही लक्षात ठेवावे लागत नाही, आणि फिल्मचा पुरवठादार बदलला तरी काहीही पुन्हा करावे लागत नाही.

या मार्गात एक सुधारणा जवळजवळ फुकट मिळते आणि ती घ्यायलाच हवी. आयएसओ १३६५५ या मानकात मोजमापाच्या चार अटी सांगितल्या आहेत: एम० मध्ये अतिनील प्रकाशाचे प्रमाण निश्चित नसते, एम१ मध्ये ते दिवसाच्या प्रकाशासारख्या प्रमाणित डी५० प्रकाशाला अनुसरून असते, एम२ मध्ये अतिनील भाग गाळून टाकलेला असतो, आणि एम३ मध्ये त्याशिवाय ध्रुवण गाळणीही असते. अतिनील अडवणारी फिल्म वापरायची असेल तर फिल्मविना चार्ट एम१ ऐवजी एम२ अटीत मोजावा, कारण फिल्मखालचा कागद एम२ मधल्या कागदाशी अधिक जुळतो. यामुळे निदान उजळ टोकाची चूक बरीच कमी होते. एम३ अटीत मात्र प्रोफाइलसाठी मोजू नये. ध्रुवण गाळणी पृष्ठभागावरचा प्रकाश जवळजवळ पूर्ण काढून टाकते आणि प्रत्यक्षात दिसतात त्याहून खोल रंग नोंदवते, म्हणजे मॅट फिल्मच्या बाबतीत जी गोष्ट मोजायला हवी तीच वगळली जाते.

मॅट फिल्मसाठी पहिला मार्ग मी सुचवणार नाही. तिथे होणारी चूक लहान नसते आणि ती नेमकी छायाचित्रांच्या सावल्यांत, म्हणजे तपशील आधीच नाजूक असतो अशा जागी होते.

दुसरा मार्ग: फिल्मवरून घेतलेले मोजमाप

इथे चार्ट छापायचा, वाळू द्यायचा, लॅमिनेट करायचा, स्थिरावू द्यायचा आणि मग मोजायचा. यातली प्रत्येक पायरी रंगावर परिणाम करते, म्हणून प्रत्येकीत प्रत्यक्ष कामात जे केले जाते तेच करायला हवे.

पहिली अट वाळण्याची. सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट शाईतली द्रव्ये उडून जायला वेळ लागतो. किमान २४ तास थांबण्याची शिफारस सर्रास केली जाते आणि दाट शाईसाठी त्याहून अधिक. लवकर फिल्म चढवली तर अडकलेली द्रव्ये चिकट थर मऊ करतात, कडा सुटतात आणि रंगही हळूहळू सरकतो. दुसरी अट लॅमिनेटरची. गरम लॅमिनेशनमध्ये तापमान, दाब आणि वेग यांवर चिकट थर कागदात किती नीट बसतो हे ठरते. तो नीट बसला नाही तर फिल्म आणि शाई यांच्यामध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे राहतात आणि गडद भागांवर चंदेरी झाक येते. टोनरच्या प्रिंटवर आणि खरखरीत कागदावर हे विशेष दिसते. असा चार्ट मोजला तर ती झाक प्रोफाइलमध्ये कायमची नोंदली जाते, आणि पुढे लॅमिनेशन चांगले झाले की तेच प्रोफाइल चुकीचे ठरते. थंड फिल्ममध्ये दाबाने चिकटणारा थर पूर्ण बसायला साधारण एक दिवस घेतो, तेव्हा मोजमाप दुसऱ्या दिवशी घ्यावे.

मोजताना दोन किरकोळ वाटणाऱ्या अडचणी येतात. एकाच बाजूने लॅमिनेट केलेला कागद वळतो, आणि वळलेल्या चार्टवर उपकरणाची उंची बदलून आकडे डळमळतात. चार्ट सपाट पाटावर चिकटवून घेणे हा साधा उपाय आहे. शिवाय फिल्मवर बोटांचे ठसे, ओरखडे आणि बुडबुडे राहतात. एकाच चार्टवर विसंबण्यापेक्षा दोन किंवा तीन चार्ट लॅमिनेट करून मोजमापांची सरासरी घ्यावी; आर्गिल-सीएमएस या मुक्त प्रणालीतही मोजमापांच्या फाइलींची सरासरी काढण्याची सोय आहे. वाळूसारखा किंवा कॅनव्हाससारखा पोत असलेली फिल्म असेल तर एकाच बाजूने प्रकाश टाकणारे उपकरण चार्ट कोणत्या दिशेने ठेवला आहे यावर वेगवेगळे आकडे देते. तिथे चहूबाजूंनी वर्तुळाकार प्रकाश टाकणारे उपकरण उत्तम. ते नसल्यास चार्ट ९० अंशांनी फिरवून पुन्हा मोजावा आणि सरासरी घ्यावी.

या मार्गाबद्दल माझे सर्वांत ठाम मत एका गोष्टीविषयी आहे. शाईची मर्यादा ठरवणे आणि लिनिअरायझेशन, म्हणजे शाईच्या पायऱ्या समान करणे, ही कामे फिल्मविना कागदावरच करावीत. फक्त प्रोफाइलचा चार्ट फिल्मखालून मोजावा. कारण यंत्राची स्थिती दर आठवड्याला किंवा शाई बदलली की पुन्हा मूळ पदावर आणावी लागते, आणि ती तपासणी दर वेळी लॅमिनेशनमधून नेणे कोणालाच परवडत नाही. लिनिअरायझेशन उघड्या कागदावर असेल तर यंत्र रोजच्या रोज त्या पदावर आणता येते, आणि फिल्मचा वाटा प्रोफाइलमध्ये एकदाच नोंदलेला राहतो. दोन्ही गोष्टी लॅमिनेट करून बनवलेल्या मांडणीत सहा महिन्यांनी रंग सरकला तर दोष यंत्रात आहे की फिल्मच्या नव्या रोलमध्ये, हे वेगळे काढताच येत नाही.

या मार्गाची किंमतही स्पष्ट सांगायला हवी. फिल्मखालच्या प्रोफाइलने छापलेला प्रिंट लॅमिनेशनआधी चुकीचा दिसतो, आणि तो तसा दिसणेच अपेक्षित असते. चकचकीत फिल्म दाट करणार असलेले मधले टोन आधी हलके छापले जातात. मॅट फिल्मच्या कामात उघड्या प्रिंटच्या सावल्या गरजेपेक्षा गडद वाटतात. ज्याला हे सांगितलेले नाही असा यंत्रचालक चांगल्या हेतूने ‘दुरुस्ती’ करून सगळे बिघडवतो. म्हणून प्रोफाइलच्या नावातच कागद, फिल्म आणि तारीख लिहावी, आणि मंजुरीसाठी ग्राहकाला दाखवायचा नमुना लॅमिनेट केलेलाच असावा. दर फिल्मला वेगळे प्रोफाइल लागते हाही भार आहे: तीन कागद आणि तीन फिल्म असतील तर नऊ प्रोफाइल, आणि प्रत्येकाची देखभाल.

तिसरा मार्ग: थोड्या पॅचवरून दुरुस्ती

जिथे जोड्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीसाठी पूर्ण चार्ट लॅमिनेट करणे शक्य नाही तिथे हा मधला मार्ग उपयोगी पडतो. फिल्मविना पूर्ण चार्ट मोजून ठेवायचा. मग तीस-चाळीस निवडक पॅच, म्हणजे कोरा कागद, प्रत्येक शाईच्या काही पायऱ्या, करड्याची पट्टी, दोन-दोन शाईंचे मिश्रण आणि सर्वांत गडद काळा, फिल्म चढवण्याआधी आणि नंतर मोजायचे. मिळालेल्या फरकावरून मूळ मोजमापात बदल करून नवे प्रोफाइल बनवता येते, किंवा प्रोफाइल तेच ठेवून रिपमध्ये (फाइल यंत्रासाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अथवा चित्रसंपादनात एक दुरुस्ती-वक्र बसवता येतो.

या दोन उपप्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोजमापातच बदल केला तर रंगरूपांतर करणाऱ्या प्रणालीला नव्या काळ्याची खोली आणि नवी रंगव्याप्ती ठाऊक होते; ती त्यानुसार सावल्या बसवते. वरून वक्र लावला तर ती जुनेच अंतर गृहीत धरून चालते, आणि वक्र फक्त टोन वरखाली सरकवतो. चकचकीत फिल्मने मधले टोन दाट केले असतील तर वक्राने ते उघडता येतात आणि काम समाधानकारक होते. मॅट फिल्मने काळ्याची खोलीच काढून घेतली असेल तर कोणताही वक्र ती परत आणू शकत नाही.

ही मर्यादा पूर्ण प्रोफाइललाही आहे, हे इथेच नमूद करणे योग्य होईल. मॅट फिल्मखालचा काळा कोणत्याही प्रोफाइलने अधिक काळा होत नाही. प्रोफाइल इतकेच करते की उपलब्ध असलेल्या कमी अंतरात सावल्यांचे टोन नीट वाटून बसवते, आणि सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या नमुन्यात, तो परिणाम आधीच दाखवते. त्यासाठी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (आवाक्यात बसणारे रंग तसेच ठेवणाऱ्या) रूपांतरात ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (मूळ काळा नव्या काळ्यावर बसवणे) चालू ठेवणे किंवा परसेप्च्युअल (सगळे रंग प्रमाणात आकसणारे) रूपांतर निवडणे आवश्यक आहे. नाहीतर गडद तपशील एकाच काळ्या पट्ट्यात विरघळून जातो.

चौथा मार्ग: ऑफसेटची तयार प्रोफाइले

प्रमाणित ऑफसेटमध्ये प्रत्येक छापखान्याने स्वतःचा चार्ट लॅमिनेट करण्याची गरज दर वेळी नसते. फोग्रा या जर्मन छपाई-संशोधन संस्थेच्या फोग्रा३९ या कोटेड कागदाच्या मोजमापसंचाला जोडून लॅमिनेशनसाठी दोन संच उपलब्ध आहेत: मॅट फिल्मसाठी फोग्रा४९ आणि चकचकीत फिल्मसाठी फोग्रा५०. त्यांवर आधारलेली प्रोफाइले युरोपियन कलर इनिशिएटिव्हने खुली ठेवली आहेत. या संचांचा सर्वांत चांगला उपयोग प्रूफसाठी, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यासाठी, होतो असे माझे मत आहे. काम नेहमीप्रमाणे फोग्रा३९ साठी विलग करायचे (छपाईच्या शाईंत विभागायचे), छापखान्याने उघड्या कागदावर नेहमीचे मानक गाठायचे, आणि मुखपृष्ठ किंवा वेष्टन फिल्म चढल्यावर कसे दिसेल हे ग्राहकाला लॅमिनेशनच्या प्रोफाइलमधून आधीच दाखवायचे. विलगीकरणच या प्रोफाइलने केले तर फिल्मची भरपाईही होते, पण मग ती फाइल लॅमिनेट न होणाऱ्या आवृत्तीला चालत नाही, हे काम देणाऱ्याला लेखी कळवायला हवे.

दोन इशारे मात्र द्यावे लागतात. हे संच फोग्रा३९ च्या काळातल्या कागदांना धरून आहेत. अधिक ब्राइटनर असलेल्या कागदांसाठी २०१५ मध्ये आलेल्या फोग्रा५१ च्या कागदावर ते जसेच्या तसे बसतील अशी अपेक्षा धरू नये. आणि ते पातळ ओपीपी (पॉलिप्रॉपिलीन) फिल्मसाठी आहेत. जाड पाउच किंवा पोताची फिल्म त्यांच्या कक्षेत येत नाही. काही खास शाई, उदाहरणार्थ रिफ्लेक्स ब्लू, फिल्म किंवा वार्निशखाली रासायनिक कारणाने रंग बदलू शकतात. ही अडचण प्रोफाइलने नव्हे, तर लॅमिनेशनला टिकणारी शाई मागवूनच सुटते.

निवड कशी करावी

वाळण्याचा आणि स्थिरावण्याचा वेळ सोडला, तर मते बाजूला ठेवून अर्ध्या दिवसाच्या कामात निर्णय देणारी एक चाचणी आहे. वर सांगितलेले तीस-चाळीस पॅच छापावेत, नीट वाळू द्यावेत, एम१ आणि एम२ अशा दोन्ही अटींत मोजावेत, मग कामाची फिल्म चढवून, ती स्थिरावल्यावर पुन्हा एम१ मध्ये मोजावेत, आणि आधीचे व नंतरचे आकडे रंगांतला फरक मोजणाऱ्या सीआयईडीई२००० सूत्राने ताडून पाहावेत. छपाईच्या प्रूफसाठीच्या आयएसओ १२६४७-७ या मानकात सर्व पॅचची सरासरी चूक २.५ च्या आत असावी लागते. लॅमिनेशनने एकट्यानेच त्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक वाटा खाल्ला, म्हणजे सरासरी फरक सव्वाच्या पुढे गेला, तर मी पहिला मार्ग सोडतो. कारण उरलेल्या वाट्यात यंत्राची रोजची चढउतार, कागदाचा फरक आणि प्रोफाइलची स्वतःची चूक एवढे सगळे बसवायचे असते.

सरासरीइतकेच फरक कुठे आहे हेही पाहावे. तो फक्त फिकट पॅचमध्ये असेल आणि एम२ ची मूळ मोजणी फिल्मनंतरच्या आकड्यांशी जुळत असेल, तर कारण ब्राइटनरचे आहे आणि एम२ मध्ये मोजलेले नेहमीचे प्रोफाइल पुरेल. तो फक्त मधल्या टोनमध्ये असेल तर तिसरा मार्ग, अगदी वक्राचा उपप्रकारसुद्धा, चालेल. सर्वांत गडद पॅचमध्ये मोठा फरक असेल तर फिल्मखालून मोजलेल्या प्रोफाइलला पर्याय नाही. मॅट कागदावर चकचकीत फिल्म आणि चकचकीत कागदावर मॅट फिल्म या दोन्ही जोड्यांचा निकाल जवळजवळ नेहमी इकडेच लागतो. पहिल्या जोडीत तर वेगळे प्रोफाइल न करणे म्हणजे हाती आलेली जादा रंगव्याप्ती वापराविना सोडून देणे होय.

काम कुठे टांगले जाणार याचाही विचार निवडीत यायला हवा. ४५ अंशांतून प्रकाश टाकून समोरून मोजणारे (४५/०) उपकरण चकचकीत फिल्मवरची झळाळी मोजमापातून वगळते, त्यामुळे ते नोंदवते तो खोल काळा नियंत्रित प्रकाशातच दिसतो. आयएसओ ३६६४ प्रमाणे ५०० किंवा २००० लक्सच्या तपासणी-पेटीत तो तसाच दिसेल. समोर मोठी खिडकी असलेल्या भिंतीवर मात्र खिडकीचे प्रतिबिंब त्यावर पसरेल आणि आकड्यांत मागे पडलेली मॅट फिल्म प्रत्यक्षात अधिक वाचनीय ठरेल. अशा जागेसाठी फिल्मच मॅट निवडावी आणि प्रोफाइल त्या मॅट फिल्मखालून मोजावे.

एका प्रकारात मात्र वरचा कोणताही सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही: प्रिंट जाड पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाठीला चिकटवणे. आतून परावर्तित होणारा प्रकाश जाडीच्या १.८ पट दूर उतरतो हे आधी पाहिले. ३ मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये ते अंतर ५ मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि हातात धरायच्या बहुतेक स्पेक्ट्रोफोटोमीटरचे मोजणारे छिद्र त्याहून लहान असते. उपकरणाने टाकलेल्या प्रकाशाचा मोठा भाग छिद्राबाहेर निसटतो आणि पॅच प्रत्यक्ष दिसतो त्याहून गडद नोंदला जातो. पॅच मोठे छापूनही उपयोग होत नाही, कारण अपुरे पडते ते उपकरणाचे प्रकाशवर्तुळ. तिथे पातळ, पारदर्शक चकचकीत फिल्म चढवलेल्या त्याच कागदाचे प्रोफाइल आधाराला घ्यावे, ॲक्रिलिकखालचा एक लहान नमुना प्रमाणित प्रकाशात डोळ्यांनी ताडून पाहावा, आणि मधल्या टोनची उरलेली दुरुस्ती त्या नमुन्यावरून, एका वेळी थोडी अशी करावी.